डबा त्यांचा होता

"बसा आधी."

दारात कोणीही आलं की ते हेच म्हणायचे. पायाने पलंगाखालची बादली ओढायची, उलटी करायची, तिच्यावर घडीचा टॉवेल टाकायचा, हाताने तो एकदा सारखा करायचा आणि मग समोरचा बसेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. घाईतल्या माणसाची पंचाईत व्हायची. मी तर कायम घाईत. गाडी बाहेर नको तिथे लावलेली, मुलगी कंटाळलेली, हातात यादी. "नको नको, बसत नाही, दोनच मिनिटं," असं म्हणून मी उभ्या उभ्या काम उरकायची आणि ते त्या टॉवेलकडे बघत राहायचे.

अबूधाबीतल्या मुसफ्फाच्या त्या कामगार वसाहतीत मी दीड वर्ष गेले, दर पंधरा दिवसांनी, रविवारी. त्या बादलीवर बसले एकदाच. तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचा चेहरा मी जगभर फिरवलाय, नाव तरी त्यांच्याकडे राहू दे.

पाटण तालुक्यातलं डोंगरातलं गाव. आधी मस्कत, मग दुबई, मग इथे अबूधाबीत, अशी आखातात बावीस वर्षं. इमारत बांधतात तेव्हा तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा जो सांगाडा, म्हणजे स्कॅफोल्डिंग, उभा करतात ना, तो उभारणाऱ्या टोळीचे ते फोरमन होते. पाइप, क्लॅम्प, फळ्या सगळं तपासून त्यांनी हिरवा टॅग अडकवला की मगच माणसं वर चढायची. टॅग नसेल तर सुटाबुटातला इंजिनिअरसुद्धा खाली उभा. "एकदा एक साहेब लई ओरडला, यल्ला यल्ला, चला चला करून. म्हणलं, साहेब, मला शिव्या द्या, पन चढायचं न्हाई," असं ते सांगायचे. सांगताना बढाई नाही, जेवलात का विचारावं तसा आवाज.

आता हे मी अगदी ओळखीच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगतेय. पण खरं सांगू? पहिलं वर्षभर मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. माझ्या लेखी ते 'कामगार' होते. यादीतला एक.

आम्ही म्हणजे मोहम्मद बिन झायद सिटीतली सात-आठ मराठी घरं. मुलांच्या शाळेत समाजसेवेचे तास भरावे लागतात, तिथून सुरुवात झाली. मग आम्हालाच गोडी लागली. वसाहतीच्या मॅनेजरची रीतसर परवानगी काढली, ग्रुप केला, टी-शर्ट छापले. मुग्धाताई आमच्या म्होरक्या. बाई कामाला वाघीण, जीव ओतून करायच्या. मन आमचं सगळ्यांचंच चांगलं होतं हो, ते मी नाकारत नाही. चांगल्या मनाने माणूस काय काय करू शकतो, एवढंच सांगायचंय.

मुग्धाताईंचा एक नियम होता. तिथे कोणाकडून काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. "त्यांच्या तोंडचं आपण काढायचं नाही," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. त्यामुळे ते दर वेळी सामायिक किचनमध्ये जाऊन चहा टाकायचे, स्टीलच्या पेल्यांत गाळून ट्रे घेऊन यायचे आणि आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणायचो, "आम्ही घेत नाही हं काही!" म्हणताना आम्हाला किती थोर वाटायचं! ते म्हणायचे, "बरं," आणि ट्रे आत घेऊन जायचे. पुढच्या वेळी परत चहा. माणूस चिकाटीचा.

मी त्यांना काका म्हणायची. एकदा त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, तुमचं मिस्टर कितीचं?"

"बावन्न."

"म्हंजे माज्यापेक्षा दोन वर्सांनी थोरलं," असं म्हणून ते हसले आणि विषय सोडून दिला. मीही हसले. काका म्हणणं मात्र सोडलं नाही. दुसरं काय म्हणायचं ते सुचलंच नाही मला.

आणि तो स्वच्छतेचा वर्ग! आठवला की आजही तोंड लपवावंसं वाटतं. कॅन्टीनमध्ये चाळीस माणसं बसवून मी लॅपटॉपवर चित्रं दाखवत होते. साबण, नळ, हाताचे पंजे. आणि बोलत होते हिंदीत. मोठ्याने. एकेक शब्द सुटा करून. "सब लोग... खाने से पहले... हाथ धोते हैं ना?" समोर निम्मी माणसं सातारा-रत्नागिरीकडची.

ते मागून उठले. "मॅडम, मराठीत बोला की. आनि जरा हळू. ऐकू येतंय आमाला."

सगळे हसले. मीही हसले. आणि घरी जाताना गाडीत म्हणाले, "बिचारे किती साधे असतात नाही?" ज्या माणसाच्या शब्दाशिवाय पंधराव्या मजल्यावर कोणी पाय ठेवत नव्हतं, त्याला मी हात धुवायला शिकवून आले होते.

त्याच दिवशी वर्ग संपल्यावर ते माझ्याजवळ आले होते. म्हणाले, "एक काम हुतं. माज्याकडची दोघंजणं हायेत, हुशार हायेत. स्कॅफोल्डिंग इन्स्पेक्टरची परीक्षा असती, पन पेपर सगळा इंग्लिशमधी. त्यांना वाचायला शिकवाल का कोन? रविवारचा एक तास पुरं."

हे त्यांनी आमच्याकडे मागितलेलं पहिलं काम. मी "हो हो, बघते" म्हणाले आणि ग्रुपवर टाकलं. मुग्धाताईंचं उत्तर आलं की शिकवायचं म्हणजे सातत्य लागतं, आपल्याला जमणार नाही, आणि थंडी येतेय तर ब्लँकेटं वाटू. ब्लँकेटं वाटली. कंपनीने दिलेली ब्लँकेटं प्रत्येकाकडे होतीच. पुढच्या खेपेला पाहिलं तर आमच्या ब्लँकेटांचे खालच्या पलंगांना पडदे झालेले. ते म्हणाले, "झ्याक झालं बगा. उजेड लागत न्हाई डोळ्यावर." परीक्षेचं त्यांनी परत काढलं नाही, आणि मीही विसरून गेले.

मध्ये एकदा आम्ही आरोग्य तपासणी ठेवली. प्रत्येकाचा फॉर्म भरला. वजन, साखर, रक्तगट, अडीअडचणीला घरचा नंबर. त्यांनी मुलीचा नंबर दिला. "कराडला असती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला." एवढं सांगून थांबले नाहीत. "आमच्या भावकीत पयली. हॉस्टेलवर ऱ्हाती. सुई टोचायला आदी घाबरायची, आता मलाच सांगती, बाबा, बीपी मोजा." त्यांना इतकं बोलताना मी तेव्हाच पाहिलं. मी फॉर्मवर 'मुलगी' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तो तक्ता माझ्या लॅपटॉपमध्ये राहिला.

मग दिवाळी आली.

आम्ही फराळाची पाकिटं केली होती. चकली, शंकरपाळी, चिवडा, वर रिबीन. मॅनेजरने अंगणात रांग लावून दिली. आमची मुलं पाकिटं देत होती, आम्ही फोटो काढत होतो. इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगते: या देशात मॉलमध्ये एखाद्या अनोळखी बाईचा फोटो काढायची आमच्यापैकी कोणाची छाती नाही. गुन्हा आहे, सगळ्यांना पाठ आहे. वसाहतीच्या फाटकातून आत गेलं की ते पाठांतर कुठे जायचं कोण जाणे.

ते रांगेत नव्हते. किचनमधून आले, दोन्ही हातांत स्टीलचा डबा धरून, थेट माझ्याकडे. झाकण उघडून दाखवलं. बेसनाचे लाडू, एकसारखे वळलेले.

"पोरांसाठी हायेत तुमच्या. रूमवर केलेत. तूप घरचं हाय, गावावरनं आलेलं."

"अहो नको, काका! तुम्हीच ठेवा ना. तुम्हाला लागतील."

"आमाला ठेवलेत की. हे पोरांचे."

"नको हो, खरंच नको," म्हणत मी दोन्ही हातांनी डबा त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी पुन्हा पुढे केला. मी पुन्हा ढकलला, जरा जोरातच. चार माणसं बघत होती. ते हसले. चारचौघांत कोणी आपला मान ठेवला नाही की माणूस कसंनुसं हसतो ना, तसे. आणि डबा घेऊन मागे फिरले.

माझ्या मुलीने नेमका तेव्हाच फोटो काढला होता. इरा पंधरा वर्षांची, हात तिचा चांगला आहे. फोटोत माझे हात डब्याच्या एका बाजूला, त्यांचे दुसऱ्या बाजूला, त्यांची मान किंचित खाली, चेहऱ्यावर हसू. मी देतेय आणि ते घेताहेत, असंच कोणालाही वाटावं.

गाडीत मी तो माझ्या वॉलवर आणि ग्रुपवर टाकायला घेतला तर इरा म्हणाली, "मम्मा, बट ही वॉज गिव्हिंग इट टू अस."

"अगं हो, पण बघ ना किती छान आलाय!"

"बट दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड."

"इरा, बेल्ट लाव," असं म्हणून मी खाली ओळ लिहिली. 'घरापासून दूर असलेल्या गरजू बांधवाच्या चेहऱ्यावरचं हे हसू, हीच आमची दिवाळी.' शेवटी पणतीचं चित्र. आपण खोटं लिहितोय हे मला कळत होतं. पण ते चांगल्या कामातलं खोटं, त्याने कोणाचं काय बिघडतंय, असं वाटलं. खरंच तसं वाटलं.

फोटो धावला. इतका आमचा कुठलाच फोटो धावला नव्हता. ओळखीचे, ओळखीचे ओळखीचे, पुण्याच्या मावशा, दुबईची मंडळं, कोणाकोणाचे हात जोडलेले. तीन दिवस मी हवेत होते.

दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांनी मला आधी कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, रविवारी येनार का? एकट्या आलात तर बरं हुईल. जरा बसायला या."

गेले. त्यांनी बादली ओढली, टॉवेल टाकला. मी बसले. चहा आणला, तोही घेतला. ते पलंगावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. माझा फोटो, माझी ओळ, वरती 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'. पाठवणारी त्यांची मुलगी. हॉस्टेलमधल्या कोणीतरी तिला दाखवला होता, "हे तुझे बाबा ना?" म्हणून.

"ती म्हनती, बाबा, तुमी तिकडं मागून खाताय आनि मला शिकवताय? ती म्हनती, मी शिक्षन सोडते, दवाखान्यात लागते कुठं तरी, तुमी या निगून." त्यांनी मोबाइल उशाशी ठेवला. "मी सांगितलं, बाळा, लाडू मी दिलेत. डबा माजा हाय. तर म्हनती, तुमी कायम असंच सांगता."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"तिचं बी बराबर हाय, मॅडम. बावीस वर्सं झाली, मी फोनवर 'मजेत हाय' म्हनतोय. ताप असला तरी मजेत, पडलो तरी मजेत. एकदा पाय मोडला हुता तवाबी मजेतच. आता खरंच मजेत हाय तर पोरगी इस्वास ठेवंना."

मी रडायला लागले. त्याचीही लाज वाटते आता, कारण मग त्यांनाच माझी समजूत घालावी लागली. "रडू नका. एक काम करा. फोटो काडून टाकू नका. काडला तर ती म्हनंल, खरं हुतं म्हनून लपिवलं. ऱ्हाऊ दे. फकस्त त्याच्याखाली काय झालं ते लिवा. डबा माजा हुता, मी देत हुतो, असं तुमच्या नावानं लिवा. मी सांगून तिला पटत न्हाई. तुमचं पटंल."

"आजच लिहिते," मी म्हणाले. "शंभर टक्के."

घरी येऊन लिहायला बसले. आणि मुग्धाताईंना फोन केला. का केला? कोणाला तरी सांगून हलकं व्हावं म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, असं लिहिलंस तर आपण खोटं लिहिलं होतं असं होईल. उद्या मॅनेजर विचारेल, फोटो टाकलेतच का. परवानगी जाईल. साठ माणसांचं नुकसान एका माणसासाठी? फोटो काढून टाक. नाव थोडंच आहे त्यात! खलास, विषय संपला."

मी फोटो काढून टाकला.

त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, काढू नका म्हणून. मी नेमकी तीच केली. आणि काढल्यावर मला हायसं वाटलं, हे सांगायला हवं. माझ्या वॉलवरून गेला म्हणजे गेला. बाकी हजार लोकांच्या मोबाइलमध्ये तो होताच, आणि कराडच्या हॉस्टेलमध्येही होता.

पण झोप लागेना. मग मी ठरवलं की आपणच यातून मार्ग काढायचा. आपण शिकल्यासवरल्या, बोलता येतं, मुलीला नीट समजावू. त्या तक्त्यातून नंबर काढला आणि ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला.

"बाळा, मी अबूधाबीहून बोलतेय. तुझ्या बाबांना ओळखते मी. तू अजिबात काळजी करू नकोस हं! त्यांना आम्ही काही कमी पडू देणार नाही. आम्ही आहोत ना इकडे त्यांच्याकडे बघायला."

मी तशीच पुढे बोलत राहिले.

"आणि तो फोटो मी काढून टाकलाय."

"म्हणजे खरंच होतं ते," ती म्हणाली. आवाज अगदी बापासारखा, खालच्या पट्टीतला.

"अगं नाही नाही, तसं नाही. लाडू त्यांनीच आणले होते आमच्यासाठी."

"बाबाही हेच सांगत होते." ती म्हणाली. "मॅडम, तुम्हाला हे सांगायला त्यांनी सांगितलं का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हटलं तर बापाने शिकवलेलं, नाही म्हटलं तर मी परस्पर केलेलं. मी काहीतरी ततपप केलं. "थँक्यू मॅडम, तुम्ही त्यांच्यासाठी एवढं करताय," असं ती म्हणाली. त्यात राग नव्हता. कृतज्ञता होती. मी आमचे उपकार पुराव्यानिशी तिच्या कानावर घातले होते. बापाला सांभाळणारी माणसं आहेत म्हणजे बापाला सांभाळावं लागतंय, एवढं त्या पोरीला न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती?

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. घसा दुखतोय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता.

तिसऱ्या रविवारी गेले, तर त्यांच्या पलंगावर दुसराच एक मुलगा चादर अंथरत होता, बिहारकडचा. त्यांच्या खोलीतला खटावचा एक गडी दारात उभा होता. मला ओळखत होता. त्याने मला बसा म्हटलं नाही.

"गेले ते. बेस्पतवारी."

"सुट्टीवर?"

"सुट्टी कुठली? म्हैनाभर मागितली हुती. कंपनी म्हनली, काम हातावेगळं करायच्या टायमाला फोरमन सोडता येत न्हाई, दहा दिवस देतो. ते म्हनले, दहा दिवसांत न्हाई व्हायचं. राजीनामा दिला."

"पण का? एवढं काय झालं?"

त्याने सांगितलं. मुलीने हॉस्टेल सोडलं होतं. कराडमध्येच एका दवाखान्यात कामाला लागली होती, फोनवर ऐकत नव्हती. 'कुनी तरी मॅडम बोलल्या माज्याशी, मला समदं कळलंय,' असं म्हणत होती. "ते म्हनले, समोर बसून सांगितल्याबिगर ती मानायची न्हाई. मला बघंल, माजी तब्येत बघंल, मग मानंल."

मी म्हणाले, "मला वाटलं होतं, मी बोलले तर..."

"तुमी चांगल्या मनानंच केलं असंल, मॅडम," तो म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मी त्याचा नंबर घेतला. घेताना, देता का, असं म्हणाले. इतकी अक्कल तोवर आली होती. जानेवारीत त्याचा निरोप आला. पोरगी परत कॉलेजला गेली. परीक्षा बुडाली, सहा महिने मागे पडली, पण गेली. आता गावाहून जाऊन-येऊन करते, बाप रोज तिला एसटीपर्यंत सोडायला जातो. आणि बापाचं काय, असं मी विचारलं, तर त्याने लिहिलं, एजंटाकडे दोनदा जाऊन आले. पन्नाशीच्या माणसाला नवीन व्हिसा कोण काढून देतंय? सध्या गावात बसून आहेत.

बसून आहेत, हे वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. या वेळी समजूत घालायला कोणी नव्हतं, आणि ते बरंच झालं.

इराला मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिचे शाळेचे तास भरायचे राहिले होते तरी ती पुन्हा आमच्याबरोबर आली नाही. एवढंच म्हणाली, "मम्मा, यू स्टिल हॅवन्ट रिटन इट." तीन महिने होऊन गेले होते.

त्या दिवशी लिहिलं. फोटो परत टाकला नाही, चेहऱ्याशिवाय लिहिलं. की दिवाळीत आम्ही ज्यांना गरजू म्हटलं ते एका टोळीचे फोरमन आहेत. की त्या फोटोतला डबा त्यांचा होता, आमच्या मुलांसाठी त्यांनी स्वतःच्या खोलीवर लाडू वळले होते, आणि मी तो डबा दोनदा ढकलून परत केला. की फोटोखालची ओळ लिहिताना मला हे माहीत होतं आणि तरी मी उलटं लिहिलं. ज्या ज्या ग्रुपवर फोटो गेला होता तिथे तिथे पाठवलं. सात लोकांनी वाचून अंगठा दिला. मुग्धाताईंनी काही लिहिलं नाही, त्या माझ्याशी बोलतात, पण आता ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तशा. वसाहतीची परवानगी वगैरे कोणी काढून घेतली नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग त्यांच्या मुलीला पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

"वाचलं. हे तेव्हा लिहायला हवं होतं."

"हो," मी लिहिलं. पुढे बरंच काही लिहिलं आणि पुसलं. तुझी फी, तुझी पुस्तकं, माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, बाबांसाठी इथे कुठे शब्द टाकू का. सगळं पुसलं. शेवटी एकच ओळ पाठवली. "तुझ्या बाबांशी एकदा बोलता येईल का मला?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "विचारते त्यांना."

याला महिना होऊन गेला. तिने विचारलं असणार, ती तशी मुलगी आहे. आणि त्यांनी नको म्हटलं असणार. नको म्हणायचा त्यांना हक्क आहे, हे मला आता कळतं. कळतं, आणि तरी रोज सकाळी उठल्यावर मी आधी तिचाच मेसेज आलाय का ते बघते.